घरी पाण्यातलं लोखंड काढणारा फिल्टर बसवताना खर्च कसा धरावा: कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोअरचं पाणी तांबूस येतं म्हणून फिल्टरची चौकशी केली की एकाच घरासाठी पंधरा हजारांपासून लाखापर्यंत आकडे सांगितले जातात. हा फरक नुसत्या नफ्याचा नसतो. पाण्यात काय आहे, पंप किती पाणी देतो आणि फिल्टर धुण्याची सोय काय, या तीन गोष्टींवर खर्च ठरतो आणि कोटेशनमध्ये नेमक्या याच गाळलेल्या असतात. खालचे दर अंदाजपत्रक मांडण्यासाठी आहेत. दुकानागणिक ते पुढेमागे होतील, पण कोणत्या कामाला किती वाटा जातो ते यातून कळेल.

१. पाच माणसांच्या घराला एकूण किती रक्कम बाजूला ठेवावी?

ताशी १,००० लिटरचा, हाताने चालवायचा फिल्टर धरला तर २४ ते ३७ हजार रुपये. पाण्यात लोखंड ३ मि.ग्रॅ./लि.च्या आसपास आणि सामू (पीएच) ७ च्या वर असेल, तेव्हाचा हा हिशेब आहे:

- पाणी तपासणी: १,००० ते २,०००
- १३ इंच व्यासाचं, ५४ इंच उंचीचं एफआरपी (फायबरचं) व्हेसल, म्हणजे फिल्टरची उभी टाकी, आणि गाळणं-धुणं बदलायचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह: १२,००० ते १६,०००
- मीडिया, म्हणजे व्हेसलमध्ये भरायचे गाळणारे थर (२५ किलो गोटे, ५० किलो फिल्टर वाळू, ४० किलो मँगनीज डायऑक्साइड): ३,५०० ते ५,५००
- बायपास (फिल्टर टाळून पाणी नेणारी जोडलाइन), बॉल व्हॉल्व्ह, युनियन, दोन प्रेशर गेज, पाइप: ३,००० ते ५,०००
- प्लंबरची मजुरी: २,००० ते ३,५००
- सिमेंटचा ओटा आणि धुण्याच्या पाण्याची लाइन: २,००० ते ४,०००
- वाहतूक: ५०० ते १,०००

यावर दहा टक्के हाताशी ठेवा. जुन्या लाइनला जोड देताना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचे आटे तुटणं, भिंत फोडावी लागणं हे नेहमीचं आहे. वेगळा पंप लागला तर ६ ते १० हजार, क्लोरीन सोडायचा डोसिंग पंप लागला तर ६ ते ९ हजार आणि ठरलेल्या वेळी आपोआप फिल्टर धुणारा ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह घेतला तर १२ ते २० हजार वाढतात. यातलं तुम्हाला काय लागेल ते प्रश्न ३, ६, ८ आणि १० वरून ठरेल.

२. पाणी तांबडं दिसतंयच, मग तपासणीवर पैसे कशाला घालवायचे?

तपासणीचे दीड हजार वाचवून तीस हजारांचा चुकीचा फिल्टर घेतला जातो, म्हणून. नुसत्या लोखंडाचा आकडा पुरत नाही. सामू, मँगनीज, कठीणपणा, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण), क्षारता (अल्कॅलिनिटी) आणि गढूळपणा एवढं तरी रिपोर्टमध्ये हवं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत किंवा शहरातल्या एखाद्या मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत हे होतं.

नमुना घेण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. गच्चीवरच्या टाकीतला नमुना चालत नाही, कारण निम्मं लोखंड टाकीच्या तळाशी बसलेलं असतं. बोअर १५ मिनिटं सोडून ठेवा आणि थेट बोअरच्या तोंडाशी बाटली भरा. लोखंडासाठी प्रयोगशाळेकडून आम्ल घातलेली वेगळी बाटली मागून घ्या. साध्या बाटलीत लोखंड वाटेतच साकळून काचेला चिकटतं आणि आकडा कमी येतो.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) लोखंडाची मर्यादा ०.३ मि.ग्रॅ./लि. होती. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ती १.० आहे. डाग मात्र ०.३ च्या पुढे गेलं की पडायला लागतात. तेव्हा रिपोर्टवर ०.८ पाहून "मर्यादेत आहे" म्हटलं तरी न्हाणीघरातली फरशी तांबडी होणारच.

३. पाणी काढताना स्वच्छ असतं आणि तासाभरात तांबूस होतं. याने खर्च बदलतो का?

बदलतो, आणि बराच. काढताना स्वच्छ म्हणजे लोखंड विरघळलेलं आहे. ते साध्या जाळीत किंवा वाळूत अडकत नाही. आधी हवेतल्या प्राणवायूने किंवा क्लोरीनने त्याचा गंज करावा लागतो, मग तो गाळता येतो. म्हणूनच दोन-तीन हजारांचा कापसाचा कार्ट्रिज फिल्टर अशा पाण्यावर पैसे बुडवतो.

- ३ मि.ग्रॅ./लि. पर्यंत, सामू ७ च्या वर: मँगनीज डायऑक्साइडचा थर असलेला एकच फिल्टर पुरतो.
- ३ ते १०: फिल्टरच्या आधी हौदात पाणी फवाऱ्याने पाडून किमान अर्धा तास मुरू द्यावं लागतं, नाहीतर क्लोरीन द्यावं लागतं.
- १० च्या वर: आधी गाळ बसवायची वेगळी टाकी हवी. सगळा भार फिल्टरवर टाकला तर तो रोज धुवावा लागेल.

क्लोरीनचा हिशेब सोपा आहे. १ मि.ग्रॅ. लोखंडाला साधारण ०.६४ मि.ग्रॅ. क्लोरीन लागतं. लोखंड ५ असेल तर थोडं शिल्लक धरून लिटरला ४ मि.ग्रॅ., म्हणजे १,००० लिटरला १० टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट ४० मि.लि. मात्र फिल्टरमधला मीडिया क्लोरीन सोसणारा आहे का ते विक्रेत्याकडून आधी लिहून घ्या. काही हलके, थर दिलेले मीडिया क्लोरीनने खराब होतात.

४. महापालिकेच्या नळाला लालसर पाणी येतं. हाच फिल्टर बसवू का?

बहुतेक घरांत नको. नळाच्या पाण्यातला तांबूसपणा बऱ्याचदा जुन्या जीआय पाइपचा गंज असतो किंवा लाइन दुरुस्तीनंतर आलेला गढूळपणा. पाणी सुटल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं लाल आणि मग स्वच्छ येत असेल, तर मीटरपासून टाकीपर्यंतचा पाइप बदलण्यात पैसे घाला, टाकी धुवून घ्या आणि हवं तर पुढे धुता येणारा जाळीचा फिल्टर लावा.

बोअरलाही हीच खूण लागू होते. रात्रभर बंद राहिलेला बोअर सुरुवातीलाच लाल पाणी देऊन मग स्वच्छ होत असेल, तर लोखंडी केसिंग (बोअरच्या भिंतीला घातलेला पाइप) किंवा आतला पाइप गंजला आहे.

५. किती लिटरचा फिल्टर घ्यावा? विक्रेता म्हणतो २,००० लिटरचा, शेजाऱ्याकडे ५०० चा आहे.

"ताशी लिटर" हा लेबलवरचा आकडा सोडून व्हेसलचा व्यास विचारा. लोखंड नीट अडकायचं तर पाणी मीडियातून तासाला १२ मीटरपेक्षा जास्त वेगाने जाऊ नये. त्या हिशेबाने १० इंची व्हेसल ताशी ६०० लिटर देतं, १३ इंची १,००० आणि १६ इंची १,५००. १० इंची व्हेसलवर "२,००० लिटर" लिहिलेलं असेल तर तो साध्या वाळूच्या फिल्टरचा आकडा आहे. त्या वेगाने लोखंड आरपार जातं.

पाच माणसांना दिवसाला ७०० ते १,००० लिटर लागतात. टाकी भरायला दोन तास मिळत असतील तर १० इंचीसुद्धा पुरतं आणि चार-पाच हजार वाचतात. मोठा फिल्टर घ्यायचा मोह झाला तर आधी त्याला धुवायला पुरेल एवढा पंप घरी आहे का ते पाहा.

६. फिल्टर धुण्याचा एवढा बाऊ का? महिन्यातून एकदा धुतलं तर?

वर्षभरात निकामी ठरणारे बहुतेक फिल्टर धुण्याअभावीच मेलेले असतात. बॅकवॉश म्हणजे पाणी खालून वर सोडून मीडिया फुलवायचा आणि अडकलेला गंज बाहेर काढायचा. त्याला गाळण्याच्या निदान अडीचपट प्रवाह लागतो: १० इंचीला ताशी १,५०० लिटर, १३ इंचीला २,५००. जड मँगनीज डायऑक्साइड भरपूर असेल तर याहूनही जास्त. प्रवाह कमी पडला की धुऊन बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसायला लागतं, आपल्याला वाटतं फिल्टर धुतला, आणि आत मीडियाचे गोळे बांधत जातात. पुढे पाणी त्या गोळ्यांच्या मधल्या फटींतून न गाळताच निघून जातं.

म्हणून कोटेशन मागण्याआधी पंपाचं माप घ्या. फिल्टर बसेल त्या जागी पाइप सोडून २० लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते पाहा. २९ सेकंदांत भरली तर ताशी २,५०० लिटर. ४८ सेकंद लागले तर १,५०० लिटर, म्हणजे १३ इंची फिल्टर तुमच्यासाठी नाही. उन्हाळ्यात बोअरची पातळी खाली जाते, तेव्हा हे माप एप्रिल-मे महिन्यात घेतलेलं उत्तम.

१३ इंची फिल्टर १० मिनिटं बॅकवॉश आणि ५ मिनिटं रिन्स (वरून खाली खळखळून काढणं) करायला सुमारे ५०० लिटर पाणी जातं. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रेशर गेजमधला फरक ०.५ बारवर (बार हे दाबाचं एकक) गेला की धुवा. ३ मि.ग्रॅ. लोखंडाला हे साधारण तीन-चार दिवसांनी येतं. पाणी टंचाईचं असेल तर हे आठवड्याचे ८००-१,००० लिटर हिशेबात धरा.

७. धुण्याचं तांबडं पाणी कुठे सोडायचं?

झाडांना किंवा उघड्या गटाराला. सेप्टिक टँकमध्ये एकदम ५०० लिटर सोडले तर तिथला गाळ ढवळून बाहेर पडतो. शोषखड्ड्यात सोडलं तर गंजाचा साका काही महिन्यांत तळ लिंपून टाकतो. अंगणात पांढरी फरशी असेल तर लाइन फरशीवरून नेऊ नका. ड्रेनचा पाइप व्हॉल्व्हच्या मापापेक्षा बारीक घालू नये, नाहीतर प्रश्न ६ मधला प्रवाह मिळणारच नाही.

८. फिल्टर बोअरच्या लाइनवर बसवू की गच्चीवरच्या टाकीखाली?

टाकीखाली नको. तीन मीटर उंचीचा दाब जेमतेम ०.३ बार असतो. त्यावर पाणी कसंबसं गाळून येईल, पण फिल्टर धुतला जाणार नाही. शिवाय टाकीत गंज साचत राहील तो वेगळाच. दोन मार्ग बरोबर आहेत.

पहिला, बोअर ते फिल्टर ते गच्चीवरची टाकी. हा स्वस्त, कारण पंप आहेच. पण यात दाबाचा धोका आहे आणि तो फार कमी जण सांगतात. खोल बोअरचा १५ टप्प्यांचा सबमर्सिबल बंद व्हॉल्व्हवर ९-१० बार दाब देऊ शकतो. पावसाळ्यात बोअर वर भरला की तो सगळा दाब फिल्टरवर येतो. घरगुती प्लॅस्टिकचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह साधारण साडेतीन-चार बारचा असतो. म्हणून गच्चीवरच्या टाकीला, ती भरली की पाणी अडवणारा फ्लोट बॉल व्हॉल्व्ह लावू नका. टाकी भरली की पंप बंद करणारा फ्लोट स्विच लावा आणि फिल्टरआधी जादा दाब बाहेर सोडणारा प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह बसवा. पंप बंद झाल्यावर पाणी मागे ओढलं जाऊन एफआरपी व्हेसल आत चेपू नये म्हणून एनआरव्ही (पाणी मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) आणि एअर व्हॉल्व्हही लागतो. हे सगळं मिळून दोन-तीन हजारांचं काम आहे. त्यात काटकसर करू नये.

दुसरा, बोअर ते हौद, हौदातून १ एचपी पंपाने फिल्टर आणि मग गच्ची. पंपाचे ६ ते १० हजार वाढतात. पण हौदात पाणी पडताना हवा मिळते, दाब ताब्यात राहतो आणि धुण्याला ठरलेला प्रवाह मिळतो. हौद आधीपासून असेल तर डोळे झाकून हाच मार्ग घ्या.

९. जागा किती लागते?

दोन बाय दोन फूट ओटा, आणि व्हॉल्व्ह धरून पाच फूट उंचीवर वरून मीडिया ओतायला मोकळी जागा. १३ इंची भरलेल्या फिल्टरचं वजन पावणेदोनशे किलोच्या घरात जातं, त्यामुळे ओटा सपाट आणि पक्का हवा. उन्हात ठेवू नका, वर पत्रा घाला. पंचगंगेच्या पूररेषेजवळ राहणाऱ्यांनी २०१९ आणि २०२१ साली पाणी कुठवर आलं होतं ते पाहून ओट्याची उंची ठरवावी. पुरात बोअरचं तोंड बुडलं असेल तर आधी प्रश्न १३ मधली क्लोरीनची प्रक्रिया करा.

१०. ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह घेऊ का?

घरात रोज कोणी असेल आणि पंधरा मिनिटं उभं राहायची तयारी असेल तर नको. वयस्कर मंडळी एकटी राहत असतील तर घ्या. न धुतलेल्या फिल्टरचा मीडिया वारंवार बदलण्यापेक्षा हा खर्च परवडतो. फक्त धुण्याच्या ठरलेल्या वेळेला पंप सुरू असला पाहिजे. रात्री दोनला व्हॉल्व्ह फिरला आणि पंप बंद असला तर काहीच धुतलं जात नाही.

११. घरात आरओ आहे, किंवा सॉफ्टनर (पाण्याचा कठीणपणा काढणारं यंत्र) आहे. तोच लोखंड काढेल ना?

काढेल, आणि त्यात स्वतः खराब होईल. आरओच्या मेम्ब्रेनवर लोखंडाचा थर बसला की काही महिन्यांत पाणी येणं मंदावतं. सॉफ्टनर थोडं विरघळलेलं लोखंड घेतो, पण गंज रेझिनच्या दाण्यांवर चढला की मिठाने सुटत नाही. दोन्ही घ्यायची असतील तर क्रम असा: लोखंडाचा फिल्टर, मग सॉफ्टनर, मग फक्त स्वयंपाकघरात आरओ. पैसे एकदम जमत नसतील तर पहिल्यापासून सुरुवात करा. शिरोळकडे काळ्या जमिनीतल्या बोअरला क्षार आणि कठीणपणा जास्त असतो. तिथे खरा त्रास पांढऱ्या थराचा आहे की तांबड्या डागांचा, हे आधी रिपोर्टवरून ठरवा.

१२. आमचं घर जांभ्याच्या भागात आहे. वेगळं काही लागतं का?

शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या तालुक्यांत माथ्यावर जांभा आहे. तिथलं पाणी मऊ आणि आंबटाकडे झुकणारं असू शकतं. सामू ७ च्या खाली असेल तर लोखंडाचा गंज होणं फार मंदावतं आणि मँगनीज डायऑक्साइडही नीट काम करत नाही. अशा वेळी लोखंडाच्या फिल्टरआधी कॅल्साइटचा (चुनखडीच्या दाण्यांचा) थर लागतो. तो हळूहळू विरघळून सामू वाढवतो, म्हणून दरवर्षी थोडा भरावा लागतो, आणि पाणी जरा कठीण होतं. वेगळं व्हेसल घेतलं तर ८ ते १२ हजार वाढतात. सामू ६.८ च्या आसपास असेल तर आधी हौदात जोरदार फवारा लावून पाहा. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून गेला की सामू आपोआप वर येतो, आणि फवाऱ्याला हजाराच्या आत खर्च येतो.

१३. पाण्यावर तेलकट तवंग येतो आणि टाकीत तांबडी बुळबुळ साचते. फिल्टरने जाईल का?

नुसत्या फिल्टरने नाही. तवंगाला काडी लावून पाहा. तुकडे पडून ते तसेच वेगळे राहिले तर तो लोखंडाचा पापुद्रा आहे, लगेच पुन्हा जुळला तर तेल आहे आणि पंपाची तपासणी करायला हवी. बुळबुळ असेल तर लोखंडावर जगणारे जिवाणू आहेत. ते मीडियात घर करतात आणि फिल्टर तुंबवतात.

आधी बोअरला क्लोरीनचा मोठा डोस द्या. सहा इंची बोअरमध्ये ५० मीटर पाणी उभं असेल तर ते सुमारे ९०० लिटर होतं. लिटरला १०० मि.ग्रॅ. प्रमाणे १० टक्क्यांचं हायपोक्लोराइट ९०० मि.लि. लागेल. ते बादलीभर पाण्यात मिसळून बोअरमध्ये ओता, पाइपने पाणी फिरवून परत बोअरमध्येच सोडा, १२ तास ठेवा आणि मग वास जाईपर्यंत बाहेर काढून टाका. हे पाणी फिल्टरमधून नेऊ नका, बायपास त्यासाठीच असतो. तोवर ते पिऊ नका आणि झाडांनाही घालू नका. सामानाचा खर्च शंभर-दोनशे रुपये आहे, पण जिवाणू परत येतात, म्हणून वर्षातून एकदोनदा हे धरून चाला.

१४. डाग तांबडे नाहीत, काळे पडतात.

ते मँगनीज. त्याची मर्यादा लोखंडापेक्षा कडक आहे, ०.१ मि.ग्रॅ./लि. नुसत्या हवेने ते निघत नाही. क्लोरीन आणि मँगनीज डायऑक्साइड दोन्ही लागतात, त्यामुळे डोसिंग पंपाचे पैसे आधीच धरा.

१५. विक्रेत्याने दोन सळ्या पाण्यात घालून वीज सोडली आणि पाणी तांबडं-काळं करून दाखवलं. एवढं लोखंड आहे आमच्या पाण्यात?

नाही. तो साका त्या सळ्यांमधल्या लोखंडाचा आहे. क्षार असलेलं कोणतंही पाणी त्यात तांबडं होतं, आणि आरओचं पाणी वीज जवळजवळ वाहूच देत नाही म्हणून स्वच्छ राहतं. टीडीएस मीटरवरूनही लोखंड कळत नाही. ३ मि.ग्रॅ. लोखंडाने डाग पडतात, पण ५०० च्या टीडीएसमध्ये ते दिसूनही येणार नाही. असा प्रयोग दाखवून जो लगेच आगाऊ रक्कम मागेल त्याला प्रश्न २ मधला रिपोर्ट आधी आणायला सांगा.

१६. दरवर्षी किती खर्च येतो?

लोखंड ३ च्या आसपास, क्लोरीन नाही, हाताने धुणं: वर्षाला १,००० ते २,०००. यात एकदा लोखंडाची तपासणी, व्हॉल्व्हची गास्केट आणि थोडा मीडिया भरणं आलं. धुण्याची वीज किरकोळ आहे, १ एचपी पंप पंधरा मिनिटं चालला तर पाव युनिट. वाळू आणि मँगनीज डायऑक्साइड नीट धुतले तर चार-पाच वर्षं टिकतात. त्या बदलासाठी दरवर्षी हजारभर बाजूला टाकत जा.

१७. एवढे पैसे नाहीत, घरही भाड्याचं आहे. काही स्वस्त जमेल का?

जमेल. ५०० लिटरची एक जादा टाकी घ्या. पाणी वरून बारीक भोकांच्या पाइपने पाडा, रात्रभर राहू द्या, आणि बाहेर जाणारा नळ तळापासून १५ सेंटिमीटर वर ठेवा. खाली गाळ काढायला वेगळा कॉक लावा. सामू ठीक असेल तर बरंच लोखंड तळाशी बसतं. टाकीसह चार-पाच हजारांत होतं आणि घर सोडताना सोबत नेता येतं. अगदी बारीक गंज पाण्यात तरंगत राहतो, तेवढ्यासाठी पुढे ५ मायक्रॉनचा कार्ट्रिज लावा. इथे तो चालतो, कारण लोखंडाचा गंज आधीच झालेला असतो.

१८. बारा फ्लॅटची सोसायटी आहे. प्रत्येकाने वेगळा घ्यावा की एकच?

एकच, हौद आणि गच्चीच्या मधल्या लाइनवर. चार माणसं, माणशी १३५ लिटर, बारा फ्लॅट म्हणजे दिवसाला सुमारे ६,५०० लिटर. १६ इंची फिल्टर ते साडेचार तासांत गाळतो. सभेत ठराव करताना यंत्राच्या किमतीबरोबर दोन गोष्टी लिहा: धुणार कोण, आणि गेजच्या नोंदीची वही कुठे राहणार. सोसायट्यांमधले फिल्टर बंद पडतात ते याच दोन गोष्टी ठरलेल्या नसतात म्हणून.

१९. कोटेशनवर काय काय लिहून घ्यावं?

व्हेसलचा व्यास आणि उंची, प्रत्येक मीडियाचं नाव आणि किलो, व्हॉल्व्हची दाबाची मर्यादा, लागणारा बॅकवॉशचा प्रवाह, जीएसटी धरून की वगळून, आणि बसवल्यावर गाळलेल्या पाण्यात लोखंड ०.३ च्या खाली येईल ही हमी. शेवटचे २० टक्के पैसे त्या दुसऱ्या रिपोर्टनंतर द्यायचे असं ठरवा. नमुना बसवल्याच्या दिवशी घेऊ नका. नवा मीडिया पहिले काही दिवस काळपट धूळ सोडतो आणि ताज्या थरावर सगळेच आकडे चांगले येतात. तीन-चार वेळा बॅकवॉश झाल्यावर, धुण्याची वेळ जवळ आली असेल तेव्हाचं पाणी तपासायला द्या.